गटात बसून मन हलकं होतं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मालक गेले तेव्हापासून झोप नाही. डॉक्टर म्हणतात, गटात बसा. हे बचत गटासारखंच असते का? (एक ताई, दारव्हा तालुका)

ताई, गोल करून बसणं तेवढं सारखं. मनाच्या उपचाराच्या या गटात सहा ते दहा जण आठवड्यातून एकदा तास-दीड तास बसतात, सोबत प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो भाषण देत नाही. कोण बोलतंय, कोण आतल्या आत गिळतंय, याकडे त्याचं लक्ष असतं.

माझ्या एका गटात एक बाई तीन बैठका पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसल्या होत्या. चौथ्या वेळी दुसरी म्हणाली, ‘पेरणी आली का माह्या पोटात गोळाच येते.’ यांनी मान वर केली. ‘माह्याही.’ त्या दिवशी एवढंच. पुढच्या आठवड्यात मात्र त्या आपणहून बोलल्या. ‘तुम्ही एकट्याच अशा नाही’ हे आम्ही दहादा सांगून पटत नाही, शेजारणीच्या तोंडून ऐकलं की पटतं. १९०५ मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवायला एकत्र बसवलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. सोबतीनंच माणसं सावरत होती.

प्रश्न : इथं बोललेलं गावभर झालं तर? (एक शेतकरी, वणी)

भाऊ, भीती खरी आहे. समुपदेशकावर गुप्ततेचं बंधन असतं, पण बाकीचे बांधलेले असतात ते फक्त पहिल्या बैठकीत दिलेल्या शब्दानं. म्हणून मी एका गावची माणसं शक्यतो एका गटात घेत नाही. तुम्ही तालुक्याच्या ठिकाणचा गट मागा. आणि पहिल्याच दिवशी सगळं सांगायची सक्ती कुठेच नसते.

प्रश्न : भावाची दारू अशा गटानं सुटेल का?

अनेकांची सुटली आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ पासून याच वाटेनं चालतंय, तिथे तर डॉक्टरही नसतो, दारू सोडलेलेच एकमेकांना धरून ठेवतात. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. आधी दवाखाना, मग गट.

प्रश्न : मुलगा ‘जगून काय करू’ म्हणतो. त्याला गटात पाठवू का?

काकू, आज गट नाही. आज त्याला एकटं सोडू नका, ‘जीव द्यावासा वाटते का’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर ते आत्ताच उचलून दुसऱ्याकडे कुलपात ठेवा.