वाचकांचे प्रश्न : कूलर कोमट, प्रोसेसर मात्र तापलेला

प्रश्न : जळगावात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. इंटेल प्रोसेसरचा सहा वर्षांचा डेस्कटॉप सकाळी बरा चालतो. दुपारी एकनंतर तो रेंगाळू लागतो आणि लग्नपत्रिकेची मोठी फाइल उघडली की अचानक बंद पडतो. लगेच सुरू केल्यास दोन मिनिटांत पुन्हा बंद होतो. दिवाळीत प्रोसेसरवरचा कूलर काढून आतली धूळ साफ करून घेतली होती. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून समोर टेबल फॅन लावला, तरी तापमान 95 अंशांच्या खाली येत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी आधी आणखी दोन फॅन बसवायला सांगितले. आता मदरबोर्ड बदलावा लागेल असे ते म्हणतात. काय करावे?

उत्तर : मदरबोर्डचा खर्च तूर्त करू नये. आपण जे लिहिले आहे त्यातच बरेचसे निदान आलेले आहे. आधी रेंगाळणे आणि मग बंद पडणे, हा क्रम उष्णतेचा असतो. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःहून वेग उतरवतात, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर जळण्याआधी यंत्र बंद पाडतात. दोष यंत्राला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये असता, तर यंत्र बहुधा न रेंगाळता एकदम बंद पडले असते.

दुपारी खोलीतला पारा जितका चढतो, साधारण तितकाच प्रोसेसरचाही चढतो. सकाळी 28 अंशांवर असलेली खोली दुपारी 42 वर गेली, तर त्याच कामाला प्रोसेसर 14 अंश अधिक तापणार. सुस्थितीतले यंत्र मात्र जळगावचा मे महिनाही निभावून नेते. सकाळी कामाच्या ताणाखाली 65 अंशांवर असलेला प्रोसेसर दुपारी 80 च्या आसपास जाऊन थांबतो. आपला थांबत नाही, याचा अर्थ तो सकाळीही काठावरच चालत असणार.

टेबल फॅनचा प्रयोग आपण केलात हे उत्तम झाले, कारण फॅन वाढवण्याचा सल्ला त्यानेच निकालात निघतो. कॅबिनेटमध्ये हवा कोंडत असती, तर बाजू उघडून वारा घातल्याबरोबर तापमान लक्षणीय उतरले असते. ते उतरत नाही, म्हणजे उष्णता हवेपर्यंत पोहोचतच नाही. ती प्रोसेसर आणि हीटसिंक (कूलरमधला पात्यांचा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये अडते. दिवाळीत कूलर काढून पुन्हा बसवला होता, ही गोष्ट आपण ओघात लिहिली आहे, पण माझा संशय नेमका तिथेच आहे.

खात्री करण्यासाठी मोठी फाइल उघडावी आणि कोअर टेम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमानाचा आकडा पाहत राहावे. धुळीमुळे किंवा कोंडलेल्या हवेमुळे तापणारे यंत्र मिनिटामिनिटाने चढते; संपर्क सुटलेला असेल, तर आकडा काही सेकंदांतच 60 वरून 90 वर उडी घेतो. आकडा 90 च्या वर असतानाच यंत्र बंद करून प्लग काढावा आणि कूलरचा पंखा थांबताच हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना जपून बोट लावावे. पाती नुसती कोमट लागली, तर दोष सापडला असे समजावे.

इंटेलसोबत येणाऱ्या गोल कूलरला चार पाय असतात. प्रत्येक पायातली पांढरी दुभंगलेली खुंटी मदरबोर्डच्या छिद्रातून पलीकडे जाते आणि वरून दाबलेली काळी पिन तिची दोन टोके फाकवून तिला धरून ठेवते. तीन पाय बसले आणि चौथा नुसता टेकला, तरी वरून पाहणाऱ्याला कूलर व्यवस्थित दिसतो. प्रत्यक्षात तो केसभर कलंडलेला असतो, आणि तेवढी फट पुरेशी होते. कूलर सोडवण्यासाठी चारही पाय बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढावेत. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसावी. जुन्यावर नवी चढवू नये. घाईच्या सफाईत हा प्रकार सर्रास होतो. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. कूलर दाबला की ती आपोआप पसरते. पाय पूर्ववत फिरवून ठेवावेत आणि तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन-दोन पाय जोडीने, 'खट्' आवाज येईपर्यंत दाबावेत. कॅबिनेटची दुसरी बाजू उघडता येत असेल, तर मदरबोर्डच्या मागून चारही खुंट्या पूर्ण बाहेर आल्याचे डोळ्यांनी पाहावे. एखादी खुंटी मोडकी निघाली, तर नवा कूलर घ्यावा. तो मदरबोर्डपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच जोडावी, नाहीतर प्रोसेसरच्या तापमानानुसार त्याचा वेग बदलणार नाही.

यंत्र डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवले असेल, तर तेवढे बाजूला घ्यावे. त्या दमट वाऱ्यात धूळ हीटसिंकच्या पात्यांना नमद्यासारखी चिकटते. काम झाल्यावर तापमान दुपारी त्याच वेळी आणि त्याच फाइलवर मोजावे. सकाळचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. इतके करूनही पाती कोमट आणि प्रोसेसर तापलेला, हीच स्थिती राहिली, तर मात्र यंत्र जाणकाराला दाखवावे.

प्रश्न : थर्मल पेस्ट मिळत नसेल, तर दात घासायची पेस्ट चालते असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : एक-दोन दिवस चालते, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. त्या पेस्टमधले पाणी प्रोसेसरच्या उष्णतेने उडून जाते, मागे कोरडी भुकटी उरते, आणि तापमान पहिल्यापेक्षाही वर जाते. पेस्ट हाती येईपर्यंत यंत्र बंद ठेवणेच बरे.