वाचकांचे प्रश्न : यंदा जोतं, पुढच्या वर्षी भिंती

प्रश्न : चार खोल्यांचं घर एका दमात बांधणं परवडणारं नाही. दरवर्षी एकेक खोली वाढवत गेलो तर चालेल का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : चालेल, पण पाया खोलीगणिक खणू नका. चारही खोल्यांचा पाया आणि जोतं यंदा एकत्रच काढा. वेगवेगळ्या वर्षी घातलेला पाया वेगवेगळा खचतो आणि सांध्यावर भिंत उभी तडकते. जोत्यातली भर सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोका. नंतर एक पावसाळा ती बसू द्या. पाणी साचू नये म्हणून उताराच्या बाजूला दोन भोकं ठेवा. लादीची घाई केली तर मधली लादी हमखास खाली बसते.

एवढ्यात पैसे संपले तर भिंती पुढच्या वर्षी. थोडे उरले तर सिमेंट घेऊन ठेवू नका, कोकणच्या दमट हवेत तीन महिन्यांत त्याचा जोर उतरतो. चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) घ्या. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो; शिवाय पैसा घरात राहिला की सणावारात जातोच. रचताना मात्र चिऱ्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर माल (सिमेंट-वाळूचा गिलावा) धरत नाही.

भिंत जिथे पुढे वाढवायची, तिथे चिरे पायऱ्यापायऱ्यांनी सोडा. उभे दाते, म्हणजे एक थर बाहेर नि एक आत, असे सोडले तर त्यांच्या खाचांत माल नीट भरला जात नाही.

प्रश्न : पुढे स्लॅब टाकायचा म्हणून कॉलमच्या सळया वर सोडल्यात. दोन पावसाळे गेले, गंज चढलाय. चालतील?

उत्तर : ब्रशने घासून बघा. नुसता तांबूस थर निघून सळई स्वच्छ झाली तर चालेल. पापुद्रे सुटत असतील, सळई बारीक झाली असेल, तर कॉलमचं डोकं फोडून चांगल्या सळईपर्यंत जा आणि तिथून जोड द्या. 12 मिमीच्या सळईला जोड 2 फुटांचा हवा. खाडीकाठी खारं वारं असतं. गंज फुगतो आणि आतून काँक्रीट फोडतो. यापुढे सळयांना सिमेंटची रबडी फासा, भोवती पीव्हीसी पाइप बसवून त्यात कमी सिमेंटचं काँक्रीट भरा. पुढे ते सहज फुटतं. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी मात्र कुठल्याच कामाला नको.

प्रश्न : घरकुल मंजूर झालंय. त्यातच मोठं घर काढू का?

उत्तर : नको. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) किमान 25 चौ. मी. लागतात, स्वयंपाकाची जागा धरून; म्हणजे साधारण 269 चौ. फूट. मैदानी भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, तेही टप्प्यांनी, त्या-त्या टप्प्याच्या कामाचा फोटो ऑनलाइन चढल्यावर. मोठं जोतं काढून पैसे त्यातच गेले तर काम लिंटेलला (दारं-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्टीला) अडतं आणि पुढचा हप्ताही. आधी तेवढंच छपरासकट पुरं करा. वाढीव खोल्यांची बाजू नकाशात मोकळी ठेवा. पत्रे घालणार असाल तर पत्र्यांखालचे लोखंडी पाइप भिंतीवर नुसते टेकवू नका, लिंटेलच्या पट्टीत सोडलेल्या सळयांना वेल्ड करा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे कितीतरी घरांची छपरं उडाली होती.