स्टार्टर मारण्याआधी : घरच्या जुन्या गाडीविषयी प्रश्नोत्तरे

बंद पडून राहिलेल्या गाड्यांविषयी मागच्या वेळी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० या गाड्यांविषयी आहेत. त्यात नवल नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्यांनी महाराष्ट्रातील किती तरी कुटुंबांची पहिली मोटार होण्याचा मान मिळवला होता आणि त्यांपैकी अनेक आजही गोठ्यात, पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : आमच्या वडिलांची १९७८ सालची पद्मिनी साताऱ्याच्या घरामागील शेडमध्ये १९ वर्षे उभी आहे. उभी केली तेव्हा ती उत्तम चालत होती. नवी बॅटरी लावून, थोडे पेट्रोल टाकून ती सुरू होते का ते एकदा पाहू, असे ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे आहे. तसे करावे का? (सातारा)

उत्तर : करू नये. आपली उत्सुकता मला पूर्ण समजते, परंतु इतकी वर्षे टिकून राहिलेल्या इंजिनाचे सर्वांत मोठे नुकसान बहुतेक वेळा या पहिल्या पाच मिनिटांतच होते. उमेदवारीच्या काळात ही चूक मी स्वतः केली आहे. बारा वर्षे उभी असलेली एक फियाट मी अशीच बॅटरी जोडून सुरू केली. इंजिन लागले, मालकांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि थोड्याच वेळात आतून खरखर ऐकू येऊ लागली. सिलिंडरच्या भिंतीवर धरलेल्या गंजाने पिस्टनच्या रिंगा तोडल्या होत्या आणि चारही बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या पोकळीच्या भिंतीवर, ओरखडे उमटले होते. दोन दिवस धीर धरला असता, तर जे काम तेलाच्या एका डब्यात झाले असते, त्यासाठी संपूर्ण इंजिन उतरवावे लागले.

प्रथम गाडी आहे त्या जागी आणि आहे त्या स्थितीत पाहा. धुऊ नका, कारण धूळ कोठे साचली आहे आणि तेल कोठून गळले आहे, हे त्या धुळीवरच वाचता येते. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. बॉनेट उघडण्याआधी हातात काठी आणि पायात बूट असू द्या, शेडमधील गाडी ही सापांची आवडती जागा असते. एअर क्लीनरमध्ये आणि सायलेन्सरच्या नळीत उंदरांची घरटी आहेत का ते पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वायरिंग पाहा. उंदरांनी आवरण कुरतडलेल्या वायरीला बॅटरी जोडणे म्हणजे आग लावण्यासारखेच आहे, आणि शेजारीच गळकी पेट्रोलची नळी असण्याची शक्यता फार मोठी असते.

त्यानंतर टाकी रिकामी करा. जुने पेट्रोल वासावरून लगेच ओळखता येते, त्याला वॉर्निशसारखा उग्र दर्प येतो आणि ते खाली बसून डिंकासारखा थर धरते. हा थर आणि टाकीतील गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी उतरवून साफ होईपर्यंत तिच्यातील एक थेंबही पुढे जाऊ देऊ नये. पहिल्यांदा इंजिन लावताना स्वच्छ पेट्रोलचा लहान डबा वेगळा जोडावा. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला, पडद्याचा असतो. तो पडदा इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतो आणि मग पेट्रोल सरळ खालच्या ऑइलमध्ये उतरते. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून पंपाचे किट न विचारताच बदलावे.

आता इंजिन. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचे दोन चमचे पातळ इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस काहीही करू नका. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने, हँडल नसेल तर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन हाताने हळूच फिरवून पाहा. ते सहज दोन पूर्ण फेरे घेत असेल, तर आपण भाग्यवान आहात. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे सर्वांत वरचे झाकण, काढून दुसऱ्या कोणाला इंजिन फिरवायला सांगा आणि आठही व्हॉल्व वर-खाली होतात का ते डोळ्यांनी पाहा, कारण अडकलेला व्हॉल्व पुशरॉड वाकवतो. जुने ऑइल काढून नवे २०डब्ल्यू-५० भरा, फिल्टर बदला. बॅटरीची पाळी यानंतर येते, आणि तीसुद्धा प्लग बाहेर ठेवूनच: ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरू द्यावे, म्हणजे कोरड्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते. प्लग लावून इंजिन सुरू करण्याची वेळ त्यानंतरची. या साऱ्याला एक आठवडा लागतो. १९ वर्षांपुढे तो काहीच नाही.

प्रश्न : आमची फियाट ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वाड्यासह दोन दिवस पाण्यात होती. तेव्हा तिच्याकडे बघायला कोणालाच सवड नव्हती. आता इंजिन अजिबात फिरत नाही. डिझेल ओतून आठवडाभर ठेवले, तरी उपयोग नाही. गाडी भंगारात द्यावी का? (सांगली)

उत्तर : एवढ्यावरून भंगाराचा निर्णय घेऊ नये, पण आपल्या गाडीचे दुखणे साताऱ्याच्या गाडीपेक्षा वेगळे आहे आणि उपायही वेगळा आहे. कोरड्या शेडमध्ये जाम झालेल्या इंजिनात फक्त दमट हवा शिरलेली असते. कृष्णेचे पुराचे पाणी मात्र बारीक गाळ घेऊन येते, आणि तो गाळ डिपस्टिकच्या नळीतून, एअर क्लीनरमधून, सायलेन्सरमधून, जिथून वाट मिळेल तिथून आत जाऊन बसतो. म्हणून वरून डिझेल ओतून आणि जोर लावून हे इंजिन सुटले, तरी मला त्याचा आनंद होणार नाही. गाळमिश्रित तेलावर फिरलेला क्रँक पहिल्या काही फेऱ्यांतच बेअरिंगची पृष्ठे खराब करतो.

तरीही इंजिन उतरवण्याआधी जाम नेमके काय झाले आहे याची खात्री करा. फॅन बेल्ट सैल करून पाहा, कारण पुष्कळदा पाण्याचा पंप किंवा डायनॅमो गंजून धरलेला असतो आणि दोष इंजिनावर येतो. स्टार्टर उतरवून त्याचे दाते फ्लायव्हीलमध्ये अडकले नाहीत ना, हे पाहा. गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

हे सर्व मोकळे असून इंजिन हलत नसेल, तर हेड आणि खालचे ऑइल चेंबर दोन्ही उतरवावे लागतील. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. दोन वेगळ्या धातूंमध्ये पाणी साचून राहिले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून हेड ठोकून किंवा फटीत छिन्नी घालून काढू नये, स्टडभोवती गंज सोडवणारे तेल रोज थोडे थोडे सोडून धीराने उचलावे. बोअर मूळचा ६८ मिलिमीटरचा असतो. तो कितपत खाल्ला गेला आहे हे मशीन शॉपमध्ये मोजून घ्या. थोडा खड्डा असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो, फार खोल असेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवता येते. १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन रचनेने साधे आहे, आणि ते बांधता येणारे जुने कारागीर सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात आजही आहेत.

खरी चिंता मला इंजिनाची नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला दात्यांचा गोळा) आणि चाकांची बेअरिंगे यांतही तेच पाणी गेलेले आहे. डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सोडून पाहा. काळे घट्ट तेल येण्याऐवजी दुधी कॉफीसारखे पाणी आले, तर तोही भाग उघडावा लागेल. या सर्वांची यादी करून, पत्र्याची स्थिती पाहून, मग निर्णय घ्या.

प्रश्न : गाडी सुरू झाली आहे, पण ब्रेकचे पेडल तळापर्यंत जाते. नवे ब्रेक ऑइल भरले आणि एअर काढली, तरी दुसऱ्या दिवशी तेच. सावकाश चालवून गॅरेजपर्यंत न्यावी का? (पनवेल)

उत्तर : नेऊ नये. गाडी टेम्पोवर चढवून न्या. हे काम इंजिनाच्या आधी व्हायला हवे होते, आणि जो मेकॅनिक आधी ब्रेक उघडतो त्याच्याकडे गाडी सोपवावी, असे माझे मत आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. तो ओलावा वर्षानुवर्षे व्हील सिलिंडरमध्ये राहून आतून गंज धरवतो आणि त्या खरबरीत पृष्ठावर नवे रबरही टिकत नाही. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडावेत, आत खड्डे असतील तर नुसते रबर किट न टाकता सिलिंडरच बदलावेत, रबरी होज पाइप सरसकट नवे घालावेत. सिलिंडर पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नयेत, कारण त्याने रबर फुगते. ड्रममधील जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला तडे गेलेले टायर वापरू नयेत, हेही येथेच सांगतो.

प्रश्न : आमच्या गाडीचा पत्रा खालून गंजला आहे. आधी लांबी (पुट्टी) भरून रंग करून घ्या, बाकीचे नंतर पाहू, असे गॅरेजवाले म्हणतात. (मालवण)

उत्तर : किनाऱ्यावरच्या गाडीच्या बाबतीत हा सल्ला विशेष घातक आहे. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्र्याची बॉडीच सारा भार वाहते. त्यामुळे दारांखालचा उंबरा, फरशी, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जोडल्या जातात ती जागा आणि जॅक लावण्याची जागा, या ठिकाणचा गंज हा सौंदर्याचा प्रश्न नसून आतील माणसांच्या सुरक्षिततेचा आहे. मॅट आणि सीट काढून या जागा जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेले तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. बाहेरून लोहचुंबक फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पूर्वीच कोणी लांबी भरून ठेवलेली असते. लांबी सपाटी आणण्यासाठी असते, भोके बुजवण्यासाठी नसते. खाली गंज जिवंत ठेवून वर केलेला रंग मालवणच्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यात फुगून येतो. रंगाचे पैसे शेवटी खर्च करा.

प्रश्न : आजोबांच्या नावावरील १९६९ ची फियाट ११०० आम्ही दुरुस्त करत आहोत. आजोबा हयात नाहीत. नोंदणी केव्हाच संपली आहे. तिला व्हिंटेजचा नंबर घ्यावा का? (पुणे)

उत्तर : गाडीने आपण काय करणार आहात, यावर ते अवलंबून आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. ही नोंदणी १० वर्षांची असते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन आणि देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालवता येते. शिवाय गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा, अशी अट आहे. सुट्टीच्या दिवशी आजीला घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे असेल, तर नेहमीच्याच नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण करावे. त्यासाठी नमुना २५, आरटीओची तपासणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी लागते, उशिराचे शुल्कही भरावे लागते.

त्याआधी मालकी. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. त्याची तीन महिन्यांची मुदत बहुतेक कुटुंबांकडून उलटून गेलेली असते. इतर वारसांचे ना हरकत पत्र आजच घ्या, गाडी चमकू लागल्यावर ते मागणे अवघड होते. इतक्या जुन्या गाडीची नोंद बहुधा संगणकावर नसते, ती आरटीओच्या जुन्या नोंदवहीतून चढवून घ्यावी लागते. आणि एक तपासणी आजच करा : इंजिनावरील क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का ते पाहा. पूर्वी इंजिन खराब झाले की दुसऱ्या गाडीचे बसवून टाकण्याची पद्धत सर्रास होती. क्रमांक जुळत नसेल आणि त्याची नोंद नसेल, तर दुरुस्तीवर पुढचा रुपया खर्च करण्याआधी तो प्रश्न सोडवा.

प्रश्न : हल्लीचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या गाडीला चालते का? (वडोदरा)

उत्तर : या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, पण थोडी काळजी घेतल्यास चालवता येतात. इथेनॉल जुने रबर मऊ करते, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घ्यावा. ते पाणीही ओढून घेते, तेव्हा महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळत असेल, तर जाणकाराकडून मुख्य जेट एक माप मोठा बसवून घ्या.

प्रश्न : वडिलांच्या पद्मिनीच्या सीटची कव्हरे फाटली आहेत, डॅशबोर्ड तडकला आहे. भावाला सर्व नवे करायचे आहे, आई म्हणते काहीही बदलू नका. सुटे भाग तरी मिळतात का? (डोंबिवली)

उत्तर : सुटे भाग मिळतात, पण पूर्वीसारखे नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीच्या भागांना कायम गिऱ्हाईक होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, आणि तेव्हापासून माल आटत चालला आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार आणि पुण्यातील नाना पेठ येथे चौकशी करा. जाताना जुना भाग सोबत न्या, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत बारीक फरक असतात आणि नुसत्या नावाने मागितलेला भाग बसेलच असे नाही. दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी, क्रोमच्या पट्ट्या आणि काचांचे रबर दिसले की गरज नसली तरी घेऊन ठेवा.

आपल्या घरातील मतभेदात मी आईच्या बाजूने आहे. ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलच्या नळ्या आणि सीटच्या आतील गंजलेल्या स्प्रिंगा यांबाबत कोणतीही भावना आड येऊ देऊ नका, ते सर्व नवे करा. पण ज्या वस्तूने गाडीच्या सुरक्षिततेला बाध येत नाही, ती बदलण्याआधी दहा वेळा विचार करा. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, त्यांनी स्वतः लावलेला पंख्याचा स्विच, डिकीत सापडलेला पाना, हे बाजारात मिळत नाही. सीटचे मूळ रेक्झिन सोडवून त्याच्या फाटलेल्या शिवणीच तेवढ्या शिवून देणारे कारागीर आहेत. त्यांना नवे कव्हर शिवण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि तो द्यावा. जे बदलणे भागच असेल, ते काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. गाडी तयार झाली की पहिल्या फेरीला आईला पुढच्या सीटवर बसवा, आणि सीटमध्ये, दारात, काचेच्या आवाजात काय वेगळे वाटते ते त्यांना विचारून लिहून घ्या. त्या गाडीत अनेक वर्षे बसलेल्या माणसाला जी खोट कळते, ती मेकॅनिकला कळत नाही.