चांगला हात बांधायचाच का?

सेरेब्रल पाल्सीत (वाढत्या मेंदूला इजा झाल्यानं हालचालींत येणारी अडचण) एकच बाजू कमजोर असलेल्या मुलाचा ‘चांगला हात काही तास अडकवून ठेवू’ असं थेरपिस्टनी सुचवलं, की घरात वाद ठरलेला. कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या एका घरात तो आजींनी काढला. “हाय त्यो हात बांधून पोराला दोन्हीकडनं लुळं करायचं व्हय?”

मी ही भीती हसण्यावारी नेत नाही. पण सात वर्षांच्या पोराचा उजवा हात पक्का झालेला असतो. दिवसातले काही तास, कुणी समोर असताना त्यावर हातमोजा चढवला म्हणून तो जात नाही. मोजा काढला की लगेच कामाला लागतो. अडचण डाव्याची. तो कधी वापरातच आला नाही, त्यामुळे मेंदू त्याला विचारायचंच सोडतो. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांना माकडांवरच्या प्रयोगांत हे दिसलं, त्यातूनच ही पद्धत निघाली.

आणि पोर मोजा बघूनच रडत असेल, तर दुसरा रस्ता आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू गॉर्डन आणि सहकाऱ्यांची ‘हॅबिट’ पद्धत: काहीही न बांधता दोन्ही हातांचे खेळ, रोज 6 तास, 15 दिवस. तास सारखे दिले तर दोन्हींचा फायदा साधारण सारखाच.

90 तास ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. आठवड्याला एक सेशन एवढीच त्यांची ऐपत. तेवढ्यानं भागत नाही, हे खरं. मात्र एखादंच ठरावीक काम शिकायला इतके तास लागत नाहीत, आणि थेरपिस्टनी आखून दिलेला घरचा सरावही त्यात धरता येतो.

पोराला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याला थ्रो-इन टाकायचा होता, म्हणजे फुटबॉलमध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकायचा होता! तालमींच्या फुटबॉलवर वाढलेलं पोर. एका हातानं टाकला की गल्लीतली मुलं ‘फाऊल’ म्हणून ओरडायची. दोन्ही हात लागतात, नियमच आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं करायला शिकवणारे) तेच ध्येय धरलं. आधी हलका चेंडू, मग खरा. घरी डब्याची झाकणं, मटार, कणीक. आजींची तेलमालिश मी बंद केली नाही, पण मालिशीनं हात काम शिकत नाही. म्हणून रोज तेवढाच वेळ मटार सोलायला मागून घेतला. सगळ्यात जड आईला गेलं. रिक्षा दारात उभी असताना बटणं लावून न देणं कसं जमायचं? बटणं रविवारवर ढकलली.

डावा हात उजव्यासारखा होणार नाही, मदतीचा होईल, हे वडिलांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. थ्रो-इन आता दोन्ही हातांनी पडतो, जरा वाकडा. पोरानं पुढं सायकलचा ब्रेक मागितलाय. येताना सायकलच घेऊन या म्हणून सांगितलंय.