आधी काम पाहा, कोर्स नंतर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचा धाकटा भाऊ २३ वर्षांचा असून जन्मापासून कर्णबधिर आहे. निवासी विशेष शाळेतून तो दहावी झाला, नंतर तालुक्याच्या ठिकाणी त्याने डाटा एन्ट्रीचा तीन महिन्यांचा मोफत कोर्स केला, प्रमाणपत्रही मिळाले, आणि तरीही गेले दीड वर्ष तो केजजवळच्या गावी घरीच बसून आहे. आता दुसऱ्या एका संस्थेने दुकानातील विक्रीकामाचा मोफत कोर्स देऊ केला आहे, तर त्यात त्याला घालावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की आत्ताच घालू नका. मी पूर्वी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो आणि गेली बारा वर्षे वाळूज, शेंद्रा, जालना आणि लातूर येथील कारखान्यांत दिव्यांग तरुणांना कामाला लावणे आणि मुख्य म्हणजे तेथे टिकवणे हेच करत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा स्वतःचीच चूक सांगतो. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या पहिल्या तुकडीत २४ मुले-मुली होती आणि सगळ्यांना आम्ही संगणक शिकवला, कारण केंद्रात संगणक होते, शिकवणारा होता आणि अनुदान डोकी मोजून मिळत होते. प्रमाणपत्र वाटपाला पाहुणे आले, फोटो निघाले. सहा महिन्यांनी मी एकेकाच्या घरी फोन केले तेव्हा कामावर फक्त दोघे होते आणि त्यांपैकी एक जण मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात होता, म्हणजे त्याला कोर्सची गरजच नव्हती. या २४ जणांना कोण कामावर घेणार आहे, हा प्रश्न कोर्स ठरवताना आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. तुमच्या भावाचे जे झाले ते याच पद्धतीने झाले आहे. त्याच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे.

तेव्हापासून आम्ही क्रम उलटा केला. आधी कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष जागा पाहायची, त्या जागेवर दिवसभर हातांनी नेमके काय करावे लागते ते लिहून काढायचे, मग त्या कामाला बसेल असा उमेदवार शोधायचा आणि त्याला तेवढेच, शक्यतो त्याच मशीनवर, शिकवायचे. तुमच्या प्रश्नातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: तो गावातल्या मोटारसायकली उघडतो, कार्ब्युरेटर साफ करून परत बसवतो आणि एकही स्क्रू उरत नाही. ज्याचे हात असे चालतात त्याला आपण तीन महिने कीबोर्डवर बसवले, आणि आता त्याला अशा कामात घालायला निघालो आहोत की ज्यात दिवसभर अनोळखी ग्राहकांशी बोलावे लागते. काही दुकानांनी कर्णबधिर विक्रेते उत्तम तयार केले आहेत हे मी जाणतो, पण त्या दुकानांनी आधी स्वतःची तयारी केली होती. नुसत्या प्रमाणपत्राने ते घडत नाही.

त्याच्यासाठी मी सुट्या भागांची जुळणी, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जॉब (घडवायचा सुटा भाग) लावणे-काढणे, तपासणी किंवा पॅकिंग ही कामे पाहीन. येथे पहिला अडथळा व्यवस्थापक बोलून दाखवतात तो असा की याला हॉर्न ऐकू येणार नाही, फोर्कलिफ्टखाली आला तर जबाबदार कोण. ही शंका खोटी नाही आणि तिला चिडून उत्तर देऊ नये. वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, आम्ही या शंकेपायी अर्धा दिवस नुसते उभे राहून पाहिले. त्या गोंगाटात ऐकू येणारे कामगारही कानांत प्लग घालून काम करत होते आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न त्यांनाही धड ऐकू येत नव्हता. ते मान वळवून पाहत होते. मग ज्या वळणावर समोरचे दिसत नव्हते तेथे गोल आरसा लागला, फोर्कलिफ्टवर फिरता दिवा बसला, आणि मशीन थांबल्यावर वाजणाऱ्या बझरच्या तारेला समांतर एक लाल दिवा जोडला गेला. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने हे काम दोन दुपारांत केले. पुढे तो दिवा इतरांच्याच जास्त उपयोगी पडला, ही गोष्ट तेथील सुपरवायझर मला अजून भेटला की सांगतो.

दुसरा अडथळा बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलासाठी मराठी ही परकी भाषा असते, दहावी झालेला असला तरी. विभक्तिप्रत्यय, 'नंतर' आणि 'पर्यंत' यांतला फरक, लांब वाक्ये यांत तो अडखळतो, आणि न समजताही मान हलवतो, कारण लहानपणापासून मान हलवली की प्रश्न संपतो हे त्याने पाहिलेले असते. त्यामुळे सुरक्षिततेच्या सूचनांचा चार पानी कागद त्याच्यापुढे ठेवून सही घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आम्ही प्रत्येक जागेवर एक फळी टांगतो. तिच्यावर डावीकडे चांगला जॉब आणि उजवीकडे बिघडलेले चार जॉब तारेने बांधलेले असतात: एकाला बर, म्हणजे कडेला धातूची धार, राहिली आहे, एकाचे भोक सरकले आहे, एकावर ओरखडा आहे, एकाला गंज आहे. मुलगा हातातला जॉब त्या फळीशी ताडून पाहतो. व्हर्निअर कॅलिपर हे बारीक मापे घेण्याचे साधन त्याला आम्ही एकही शब्द न वापरता दोन दिवसांत शिकवतो. ओठ वाचून समजेल, असे मात्र कोणी सांगितले तर फारसे धरून चालू नका. आपल्याकडच्या निम्म्या सुपरवायझरांच्या मिशा दाट आणि तोंडात तंबाखू असते.

खुणांचेही असेच आहे. निवासी शाळेतल्या खुणा त्या शाळेपुरत्या असतात, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातला कर्णबधिर सहकारी भेटला तरी पहिले काही दिवस गोंधळ होतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १० हजार शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपात मोफत उपलब्ध केला आहे. भावाने आणि तुम्हीही रोज दहा-दहा शब्द त्यावरून घ्यावेत. मराठवाड्यात प्रशिक्षित दुभाषी मिळणे कठीण आहे, म्हणून मुलाखतीच्या दिवशी आणि कामाच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या जुन्या शाळेतील एखादे शिक्षक सोबत येतील का, ते आत्ताच विचारून ठेवा.

आता टिकण्याविषयी. आमचा एक अतिशय हुशार मुलगा नवव्या दिवशी कामावरून गेला. कामात त्याची एकही चूक नव्हती. शनिवारी सुटताना सोमवारपासून दुसरी शिफ्ट असल्याचे सुपरवायझरने सर्वांना ओरडून सांगितले आणि गैरहजर असलेल्यांना फोन केले. हा मुलगा सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे थांब्यावर उभा राहिला, गाडी आली नाही, दीड तासाने तो खोलीवर परतला. मंगळवारी तेच झाले आणि बुधवारी आपल्याला काढून टाकले असे समजून त्याने गावाकडची एसटी धरली. कारखान्याने तीन गैरहजेऱ्या लावून नाव कमी केले. चूक कारखान्याची होती तशी माझीही होती, कारण मी नोकरी लावून निघून आलो होतो. आता पहिले सहा आठवडे आमचा माणूस आठवड्यातून दोनदा जातो आणि त्या मशीनच्या शेजारचा एक कामगार 'जोडीदार' म्हणून ठरवला जातो. शिफ्ट, सुट्टी, पगाराचा दिवस हे सगळे त्याने व्हॉट्सॲपवर चित्र किंवा घड्याळाचा फोटो पाठवून कळवायचे असते. अपंगत्वाचा प्रकार बदलला की हे छोटे कारणही बदलते. पोलिओमुळे कुबड्या वापरणारी परभणीकडची एक मुलगी तपासणी विभागात उत्कृष्ट काम करत होती, पण शौचालय जिना चढून वर असल्याने ती दिवसभर पाणीच पीत नसे; ती का सोडून गेली हे आम्हाला तिच्या आईकडून दोन महिन्यांनी समजले.

कायद्याचा आधार किती आहे, हे नीट समजून घ्या, कारण याबाबत गावोगावी चुकीचे सांगितले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे आणि शासकीय आस्थापनांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातील १ टक्का कर्णबधिर व श्रवणदोष असलेल्यांसाठी आहे. खासगी कारखान्यांवर मात्र असे आरक्षण नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी शासनाने त्यांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. तेव्हा 'तुम्हाला घ्यावेच लागेल' असे बोलून दार ठोठावू नये. पण प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर केले पाहिजे, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांच्या भरतीसाठी संपर्क अधिकारी नेमणे व कोणत्या सोयी दिल्या जातील हे लिहिणे नियमांत आले आहे. मनुष्यबळ विभागात गेलात तर या धोरणाची प्रत मागा. अनेक ठिकाणी ती नसते, पण मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. शिवाय ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) घ्यावेच लागतात. तुमच्या भावासाठी मला हीच वाट सर्वांत जवळची वाटते, कारण त्यात विद्यावेतन घेत मशीनवरच शिकता येते.

तुमच्या आईची काळजी तुम्ही लिहिली आहे की नोकरी लागली तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे बंद होतील. होतील, हे तिला स्पष्ट सांगा. दिव्यांगांसाठी त्या योजनेतील कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे आणि साधा पगारही ती ओलांडतो. हिशेब करून पाहण्याची गोष्ट एवढीच की नोकरी कोणाच्या नावावर आहे. नेमणूकपत्रावर कारखान्याऐवजी ठेकेदाराचे नाव असेल आणि सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळणार असेल, म्हणजे काम थांबवले जाणार असेल, तर खात्रीचे मासिक पैसे सोडण्याआधी आईची भीती योग्यच आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. ईएसआयची वेतनमर्यादा इतरांना २१ हजार असली तरी दिव्यांगांसाठी ती २५ हजार आहे.

वाळूजचा हट्ट धरू नका. तुमचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तो एकटाच घरी असतो, म्हणजे त्याला एकटे राहण्याची सवय आहे ही जमेची बाजू. पण पहिली नोकरी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत मिळाली तर अंबाजोगाईमार्गे दर आठवड्याला घरी येता येईल आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याचा फार फरक पडतो. राहण्यासाठी त्याच्याच शाळेतला एखादा मित्र खोलीत असेल तर उत्तम. सरकारी नोकरीचा अभ्यासही सुरू राहू द्या. राज्यात दिव्यांगांना वयाच्या ४५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, त्यामुळे त्यासाठी आजचे हातचे काम सोडण्याचे कारण नाही.

येत्या आठवड्यात त्याचे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), दहावीची गुणपत्रिका आणि आधार एका पाकिटात लावून ठेवा आणि त्यावरील नावाची अक्षरे तिन्हीकडे सारखी आहेत का ते तपासा. निम्मे अर्ज येथेच अडकतात. मग तो मोटारसायकल उघडत असताना मोबाईलवर तीन मिनिटांची चित्रफीत घ्या. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नको, हातांवर ठेवा, आणि शेवटी गाडी सुरू झालेली दिसू द्या. ती मला येथे संदेशातून पाठवा. लातूरच्या दोन ठिकाणी जुळणीच्या जागा पाहायला मी पुढच्या महिन्यात जाणारच आहे.