सिबिल (कर्जफेडीचा स्कोर) 570 आहे, पगार 27 हजार, दोन वर्षांत गाडी घ्यायचीय. आत्ताच लोन काढू की पैसे साठवू?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की शोरूमवाला म्हणतोय, "करून देतो, फक्त रेट थोडा जास्त बसेल." हे वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण अगदी हेच वाक्य मी सांगलीत शोरूमच्या वॉटर कूलरजवळ उभं राहून ऐकलंय.

आधी तो "थोडा" किती ते बघा. पाच लाखांचं लोन पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यानं बसलं तर हप्ता साडेदहा हजार. तेच सोळा टक्क्यानं बसलं तर बारा हजार दीडशेच्या पुढं. महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये, म्हणून माणूस म्हणतो जाऊ दे. साठ हप्त्यांत जवळजवळ एक लाख जास्तीचे जातात, त्याच गाडीला, त्याच रंगाला.

आता माझं. 2016 ला आमच्या चुलतभावानं ट्रॅक्टर घेतला. वयानं मोठा, आम्ही सगळे तात्याच म्हणतो त्याला. गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग. फायनान्सवाल्याला जामीनदार पाहिजे होता, पगारी माणूस, आणि अख्ख्या भावकीत पगारपत्रक असणारा मी एकटाच, कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. मी जरा चुळबूळ केली तर आमचे वडील, अण्णा, म्हणाले, भावकीत सहीला नाही म्हणायचं नसतं. झालं. त्या माणसानं कागदावर पेन्सिलनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, फुली दिसली की सही करायची. सतरा सह्या केल्या मी. वाचलं एक अक्षर नाही. वर चहा, बटाटावडा.

दोन वर्षांनी, 2018 च्या दसऱ्याच्या आधी, मी गाडी बघायला गेलो. बायको, अण्णा आणि पोरगी, तेव्हा सहा वर्षांची. पोरगी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, सीटला अजून प्लास्टिक होतं, ती हलली की ते कर्रकर्र वाजायचं आणि तिला त्याचीच मजा. रंग ठरला, दसऱ्याला डिलिव्हरी ठरली, अण्णांनी पेढे कुठून आणायचे तेही ठरवलं. तेवढ्यात सेल्सचं पोरगं आलं, हातातला कागद पालथा धरलेला, म्हणालं, "सर, दोन मिनिटं इकडं येता का." कूलरजवळ नेऊन सांगितलं, सिबिल 561. मी म्हटलं हे काय आहे, आयुष्यात एक रुपयाचं कर्ज काढलेलं नाही मी. ते म्हणालं, "सर, ट्रॅक्टर आहे तुमच्या नावावर."

तात्याची बाग अवकाळीत गेली होती. सहामाही हप्ते होते, तीन थकले होते. बाग गेली त्यात त्याचा दोष नाही, ते मी आजही म्हणतो. पण मला एक फोन करायला काय झालं होतं? आम्ही गणपतीत एका ताटात जेवलो होतो.

वर त्या शोरूमच्या पोरानं "बघतो सर काहीतरी" म्हणून त्याच दुपारी माझे कागद चार फायनान्स कंपन्यांना पाठवले. चारही ठिकाणी नकार, आणि चार चौकश्यांची नोंद रिपोर्टवर वेगळी. म्हणून सांगतो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीदाही बघा, त्यानं स्कोर पडत नाही, पण लोनसाठी दहा दारं वाजवू नका. पोरीला सीटवरून उतरवायला अर्धा तास लागला. अण्णा स्कूटरवर माझ्या मागं बसून घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्यामुळं तुमचं सिबिल 570 कशानं झालं हे तुम्ही लिहिलेलंच नाही, ते आधी शोधा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हायमार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. त्यात प्रत्येक कर्जापुढं तुम्ही कोण ते लिहिलेलं असतं, माझ्यापुढं "गॅरेंटर" लिहिलं होतं. आणि खाली 36 महिन्यांपर्यंतची पट्टी असते, कुठल्या महिन्यात किती दिवस थकलं त्याची. ती पट्टी बघा, नुसता वरचा आकडा बघून काही कळत नाही. चुकीचं काही असेल तर ऑनलाइन तक्रार टाका, 30 दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. माझ्या वेळी असलं काही नव्हतं.

आणि सेटलमेंट करू नका. हे मी दोनदा लिहिणार आहे. सेटलमेंट करू नका. तात्यानं केली. दोन लाख नव्वद हजार थकलेले, कंपनीनं एक लाख साठ हजारांवर मिटवले, घरी येऊन म्हणतो, "बघ, तुझं पण मिटवलं." मिटवलं कसलं! माझ्या रिपोर्टवर "सेटल्ड" असा शिक्का बसला, म्हणजे पुढच्या बँकेला दिसतं की इथं कुणाचेतरी पैसे बुडालेत. पूर्ण भरून "क्लोज्ड" झालं असतं आणि काही बाकी नाही असं नो ड्यूजचं पत्र घेतलं असतं तर चित्र वेगळं होतं. मी त्याला म्हटलंही होतं, उरलेले पैसे आपण दोघं मिळून भरू. तर म्हणे, कंपनी सोडायला तयार असताना भरतो कोण, येडा?

आता साठवायचं कसं ते सांगतो. मी एकच केलं, नसलेल्या गाडीचा हप्ता चालू केला. पगार सातला, आठ तारखेला सहा हजार आरडीला (बँकेतल्या दरमहा ठेवीला) कट. आरडी मुद्दाम अशा बँकेत की जिथलं खातं फोनपेला जोडलेलं नाही आणि जिथं जायला रजा टाकावी लागते. तेव्हा पगार बावीस हजार होता, पहिले चार महिने वीस तारखेनंतर घरात नुसती आमटी होती, खोटं कशाला बोलू. पण त्यातनंच कळलं की आपल्याला किती झेपतं. तुम्ही सात हजारांनं हाच प्रयोग सहा महिने करून बघा, त्यात दोनदा जरी आरडी मोडायची वेळ आली तर लोनचा हप्ता तुम्हाला झेपणार नाही, मग सिबिल 800 असलं तरी. बायकोनं वीस जणींची भिशी लावली होती, दोन-दोन हजारांची, ती सोळाव्या नंबरला लागली. बोनस आला की त्याला हात लावायचा नाही.

याच्या आधी 2018 पासून साठवलेले पंच्याऐंशी हजार 2019 च्या पुरात गेले. आम्ही सांगलीच्या गावभागात भाड्यानं राहायचो, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं त्या ऑगस्टमध्ये, फ्रीज, गाद्या, मशीन सगळं नवं घ्यावं लागलं. म्हणून गाडीचे पैसे आणि अडीअडचणीचे पैसे एका डब्यात ठेवू नका. माझी ऑक्टोबर 2019 ला पुन्हा शून्यापासून सुरुवात. मध्ये लॉकडाऊनला फौंड्री बंद, पाच हप्ते चुकले. 2022 च्या दिवाळीपर्यंत दोन लाख ऐंशी हजार झाले आणि मी 2013 ची वॅगनआर दोन लाख पंचेचाळीस हजारांना रोखीत घेतली. उरलेले पैसे टायर, इन्शुरन्स आणि ट्रान्सफरला गेले.

सांगलीत जुनी गाडी बघताना पुरातली गाडी ओळखायला शिका. पॉलिश करून आणतात, वास मारायला अत्तर मारतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आतल्या टोकाला मातकट रेघ असते. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज, मॅटच्या खाली बारीक गाळ. मी शंभर फुटी रोडवरचा ओळखीचा मेस्त्री पाचशे रुपये देऊन बरोबर नेला होता, त्यानं तीन गाड्या बेल्ट ओढूनच बाद केल्या. आरसी बुकावर बोजा (आधीच्या कर्जाची नोंद) असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या गाडीवर लोन देणारे "नऊ टक्के फ्लॅट" म्हणतात, त्यालाही भुलू नका. तीन लाख, तीन वर्षं, नऊ टक्के फ्लॅट म्हणजे एक्याऐंशी हजार व्याज. तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज अख्ख्या तीन लाखांवरच धरलेलं असतं, खरा दर सोळाच्या वर जातो.

आता हेही सांगायला पाहिजे की माझं सगळं तुम्हाला लागू होईलच असं नाही. तुमचं नुसतं क्रेडिट कार्ड थकलं असेल तर ते पूर्ण भरून, एफडीवर मिळणारं छोटं कार्ड घेऊन दरमहा वेळेवर भरलंत तर स्कोर हळूहळू वर येतो, मग दोन वर्षांनी निम्मे पैसे रोख आणि निम्म्याचं लोन असंही जमेल. नवी गाडीसुद्धा आता अगदीच आवाक्याबाहेर नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 झालाय. पण दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आरटीओचा 11 टक्के टॅक्स आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरूनच हिशोब करा, जाहिरातीतल्या किमतीवर करू नका.

तर गाडी घरी आली. पूजेला तात्या आला, बॉनेटवर हात ठेवून चार लोकांत म्हणाला, "लोन मिळालं नाही तेच बरं झालं की नाही? रोखीत घेतलीस. माझ्यामुळं." सगळे हसले, अण्णाही हसले. मी काही बोललो नाही, पण हिशोब मनात पाठ आहे: चार वर्षं, पोरगी सहाची दहाची झाली, आजारी आईला मिरजेला दवाखान्यात न्यायला रात्री अडीचला रिक्षा शोधली दोनदा. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

परवा त्याच्या पोराला पिकअप घ्यायचाय म्हणून फोन आला, आधार आणि पॅनची झेरॉक्स पाठव म्हणून. मी आंघोळीला गेलो होतो, फोन बायकोनं उचलला. म्हणाली, "झेरॉक्सचं दुकान बंद पडलंय हो भाऊजी, कायमचं."