बाथरूम फोडायच्या आधी शॉवरची नळी बघा

प्रश्न : आमचं घर लोकमान्य नगरात, बांधून 14 वर्षं झालीत. बाथरूमच्या मागच्या बेडरूमला सीलन आलीय, कपाट सरकवलं तेव्हा दिसली, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, पेंट फुगून पापडासारखा सुटतोय. दोन मिस्त्री बघून गेले. एक म्हणतो नहाणी ट्रॅप गेला, दुसरा म्हणतो सगळ्या टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग करा नाहीतर गॅरंटी नाही. मागच्या दिवाळीला प्रेशर पंप बसवला, त्यामुळे तर नसेल? गंमत म्हणजे मुलं सुटीत मामाकडे देवासला होती तेव्हा डाग वाळायला लागला होता, आणि आम्ही तिघं तर रोज आंघोळ करतच होतो, बादलीने.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, दोन्ही मिस्त्रींना सध्या थांबवा. तुम्ही शेवटी गंमत म्हणून जे लिहिलंत ना, सगळं त्यातच आहे. मुलं घरी नाहीत म्हणजे शॉवर बंद, फक्त बादली, आणि बादलीचं पाणी त्याच फरशीवर पडतं, त्याच ट्रॅपमधून जातं, तरी डाग वाळला, म्हणजे ट्रॅप आणि फरशी सुटली, आणि तसंही खालची ओल भिंतीत थोडीफार वर चढते पण खांद्यापर्यंत नाही पोचत. नळाची लाइनही सुटली, कारण तिच्यात पाणी चोवीस तास भरलेलं असतं, ती फुटली असती तर मुलं देवासला असोत की घरी, डाग ओलाच राहिला असता. उरलं फक्त शॉवर चालू असतानाच जिथे पाणी जातं ते, म्हणजे कॉकच्या वरची भिंतीतली नळी, बहुधा शॉवरची बाहेरची नळी तिला जिथे जोडते ती चुडी (आटे), किंवा शॉवरचे फवारे ज्या टाइल्सवर बसतात त्यांचे जोड.

या दोघांतलं कोण ते घरीच कळेल. आधी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, तारीख टाका, आणि चार-पाच दिवस शॉवर बंद ठेवा. मग शॉवरची जाळी फिरवून काढा, नळीच्या तोंडाला अर्ध्या इंची डमी टेफ्लॉन लावून बसवा (डमी म्हणजे तोंड बंद करायचं झाकण, इथे आतून चुडी असलेलं मागा, कारण नळीची चुडी बाहेरून असते), भिंतीला चिकटलेली ती गोल स्टीलची वाटी पुढे ओढा, पंप चालू ठेवून शॉवरचा कॉक अर्धा तास उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. नळी जिथे भिंतीत शिरते तिथून थेंब आला की चोर सापडला. काहीच नाही आलं तर डमी काढून जाळी लावा आणि दोन दिवस शॉवर फक्त टाइल्सवर मारा, रेघेबाहेर ओल गेली तर जोड.

माझा संशय नळीवरच आहे, आणि पंपाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. 10 मीटर उंचीच्या पाण्याचं प्रेशर 1 बार, तुमची टंकी शॉवरच्या तीन-चार मीटर वर असेल, म्हणजे आतापर्यंत त्या चुडीवर जेमतेम पाव-अर्धा बारच यायचा, पंपाने तो कितीतरी वाढतो. त्यात आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोरिंग, आणि बोरिंगच्या खाऱ्या पाण्याने जाळीची भोकं बुजतात, पुढे वाट नाही मिळाली की पाणी मागे चुडीतून वाट काढतं. जाळी रात्रभर व्हिनेगरमधे बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा.

दुरुस्ती तासाभराची आहे, पण हात हलका पाहिजे. नळी उलटी फिरवून काढायची, हाताने नाही निघाली तर कपडा गुंडाळून पान्याने, अगदी हळू, कारण आतला एल्बो (नळीचा वळणाचा तुकडा) प्लॅस्टिकचा असला आणि तडकला तर मग मात्र टाइल फोडावीच लागेल. नळी जागेवर तुटून चुडी आत राहिली तर स्वतः खरवडत बसू नका, प्लंबरकडे ती काढायची चावी असते. नवी नळी घ्या, जुनीच परत लावायची काटकसर इथे नको. टेफ्लॉन दहा-बारा वेढे, नळी आवळायची त्याच दिशेने, उलटे गुंडाळले तर आवळताना सगळे उकलून येतात (हे मी स्वतः केलंय, दोनदा). परत डमी, परत अर्धा तास. कोरडं राहिलं की वाटीच्या कडेला सिलिकॉन भरा पण खालचा बोटभर भाग मोकळा सोडा, पुढे कधी गळलं तर पाणी बाहेर दिसेल, भिंतीत नाही मुरणार.

जोड निघाले तर तिथलं जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, कोपऱ्यांत सिलिकॉन, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ बाथरूम कोरडं. सगळ्या टाइल्स उखडायची गरज तेव्हाही नाही.

पेंटवाल्याला लगेच बोलवू नका. फुगलेला पेंट खरवडून भिंत उघडी ठेवा, कपाट वीतभर लांब, वाळायला महिना-दीड महिना लागतो, आणि पावसाळा असला तर त्याहून जास्त.